हॉवरबोर्ड : तोलाचे विज्ञान आणि आगीचे भय

‘हॉवर’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ हवेत एका जागी तरंगत राहणे. हॉवरबोर्ड या नावाने विकली जाणारी वस्तू मात्र जमीन कधीच सोडत नाही. १९८९ साली आलेल्या ‘बॅक टू द फ्युचर पार्ट टू’ या चित्रपटात जमिनीपासून वीतभर उंचीवर तरंगणारी, चाके नसलेली एक फळी दाखवली होती. तिचे नाव पुढे या खेळवाहनाला चिकटले. प्रत्यक्षात ही दोन चाकांमध्ये बसवलेली, मध्यभागी पिळता येणारी, पाय ठेवण्यापुरती एक पाटी असते. तिला हँडल नाही, सीट नाही आणि हाताचा ब्रेकही नाही. पुढे झुकले की ती पुढे जाते, मागे झुकले की थांबते किंवा मागे येते.

दोन चाकांचे आपला तोल आपणच सावरणारे ‘सेग्वे’ हे वाहन अमेरिकेत डीन केमन यांनी २००१ साली लोकांपुढे आणले. त्याला उभा दांडा होता आणि किंमतही भारी होती. दांडा नसलेल्या छोट्या पाटीचे पेटंट शेन चेन यांना अमेरिकेत २०१४ साली मिळाले. लगोलग अशा पाट्यांची स्वस्त नक्कल मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि २०१५ च्या नाताळात ती जगभर भेट म्हणून वाटली गेली. आज गोंदिया, तिरोडा किंवा आमगावात बसूनही ती मोबाइलवरून मागवता येते. वाढदिवसाला ‘मला हेच हवे’ म्हणून हट्ट धरणारा एखादा विद्यार्थी आपल्याही वर्गात असू शकतो. त्याच्या पालकांनी ‘गुरुजी, घ्यावे का?’ असे विचारले तर उत्तर कारणांसह देता यावे, यासाठी हा लेख.

या खेळण्यात दोन धोके आहेत. पहिला पडण्याचा, दुसरा आगीचा. पहिला धोका डोळ्यांना दिसतो, दुसरा पायाखाली झाकलेला असतो. आणि या दोन्हींच्या मुळाशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे बॅटरी. हे कसे, ते क्रमाने पाहू.

तोल कसा सावरला जातो

तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ सर्वांनी खेळलेला असतो. काठीचा शेंडा पुढे कलला की आपण तळहात पुढे नेतो, डावीकडे कलला की डावीकडे नेतो. काठीचा आधार सतत तिच्या गुरुत्वमध्याच्या खाली आणत राहणे, एवढेच त्यामागचे सूत्र. हॉवरबोर्डवर उभा असलेला माणूस म्हणजे ती काठी आणि चाके म्हणजे तळहात. माणूस पुढे झुकला की त्याचा गुरुत्वमध्य चाकांच्या आसाच्या पुढे जातो. आता तो तोंडावर पडायला नको असेल, तर चाकांनी वेगाने पुढे धावून त्याच्या खाली आले पाहिजे.

हे काम तीन घटक मिळून करतात. पाटी किती कलली आणि किती झपाट्याने कलते आहे, हे जायरोस्कोप व प्रवेगमापक ही इवलीशी यंत्रे सांगतात. मोबाइल आडवा केला की चित्रही आडवे होते ते अशाच यंत्रांमुळे. ती माहिती एका लहानशा संगणक-चिपकडे जाते. चाकांच्या मोटरींना किती वीज द्यायची, हे ती चिप सेकंदाला शेकडो वेळा ठरवते. पाटीचे दोन भाग स्वतंत्र कलत असल्यामुळे एका पायाचा चवडा दाबला की एक चाक जास्त फिरते आणि वळण घेता येते.

पावसाळ्यात धानाच्या बांधीच्या ओल्या धुऱ्यावरून चालताना आपला मेंदूही हेच करतो. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, डोळे आणि पायांचे स्नायू यांच्याकडून येणारी खबर घेऊन तो क्षणोक्षणी शरीर सावरत असतो. हॉवरबोर्डमध्ये हे काम यंत्राकडे सोपवलेले असते आणि यंत्राला ते करण्यासाठी वीज लागते.

येथे सायकलशी तुलना करावी. चालवणाऱ्याने पायडल मारणे थांबवले तरी सायकल काही अंतर तोल राखून जाते, मग हळूहळू थांबते आणि आपण पाय टेकवतो. हॉवरबोर्डची वीज गेली तर? चाकांचा जोर त्याच क्षणी संपतो, पण वरचा माणूस जडत्वामुळे पुढेच जात राहतो. सायकलच्या बाबतीत शक्ती संपणे म्हणजे थांबणे. हॉवरबोर्डच्या बाबतीत शक्ती संपणे म्हणजे पडणे.

यंत्र हात टेकते तेव्हा

वीज संपूर्ण जायलाच हवी असेही नाही. मोटर किती जोर लावू शकेल याला मर्यादा असते. ताशी १० ते १२ किलोमीटर हा अशा अनेक पाट्यांचा कमाल वेग. त्या वेगाने जाताना स्वार आणखी पुढे झुकला, तर चाकांना आणखी वेग घेऊन त्याच्या खाली यावे लागते. पण मोटरीने आधीच आपली सगळी ताकद लावलेली असते. राखीव जोर शिल्लक नाही, म्हणून पाटी मागे राहते आणि स्वार पुढे पडतो. चढावर, बॅटरी उतरलेली असताना किंवा स्वाराचे वजन मर्यादेबाहेर असताना हीच वेळ लवकर येते. उलट फार हलक्या मुलाच्या पायाचा दाब कमी पडतो आणि त्याचा इशारा यंत्राला नीट समजत नाही. म्हणूनच अशा पाट्यांवर कमाल वजनाबरोबर किमान वजनही लिहिलेले असते.

दुसरी अडचण चाकाच्या आकाराची. हॉवरबोर्डच्या नेहमीच्या चाकाचा व्यास सुमारे साडेसहा इंच, म्हणजे त्रिज्या साधारण ८ सेंटिमीटर. सायकलच्या चाकाची त्रिज्या साधारण ३३ सेंटिमीटर. वाटेत २ सेंटिमीटर उंचीचा खडा आला, तर तो ओलांडायला किती आडवा जोर लागेल? अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित घालता येईल. खड्याच्या टोकाभोवती बलाचे आघूर्ण काढले, की आडवे बल भागिले चाकावरील भार हे गुणोत्तर मिळते. सायकलसाठी ते सुमारे ०.३७ येते आणि हॉवरबोर्डसाठी सुमारे ०.८८, म्हणजे जवळजवळ अडीच पट. ज्या गिट्टीवरून सायकल ‘टकटक’ करीत निघून जाते, तीच गिट्टी छोट्या चाकाला अडसर ठरते. आपल्या गावांतले सिमेंटचे रस्ते, त्यांतील सांधे, नालीवरच्या फरशा आणि गतिरोधक डोळ्यांपुढे आणले, की या गणिताचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगावा लागत नाही.

पडल्यावर काय होते? १.२ मीटर उंचीवरून मुक्तपणे पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर, म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर असतो. शाळकरी मुलाचे डोके साधारण याच उंचीवर असते. म्हणजे पाटी अगदी सावकाश जात असली तरी डोके आपटण्याचा वेग कमी नसतो. पडताना मनुष्य आपसूक हात पुढे करतो आणि सारा भार मनगटावर येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा थर असतो, त्यामुळे मुलांच्या मनगटाचा अस्थिभंग केवळ प्लास्टर घालून विसरून जाण्यासारखा नसतो. अमेरिकेत २०१५ व २०१६ या दोन वर्षांत हॉवरबोर्डवरून पडून सुमारे २७ हजार मुलांना रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे लागले, असा अंदाज तेथील बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकाने २०१८ साली प्रसिद्ध केला. जखमींचे सरासरी वय ११ वर्षे होते आणि सर्वाधिक इजा मनगटाला झालेली आढळली.

चढणे आणि उतरणे हे या खेळातले सर्वांत नाजूक क्षण. एक पाय उचलला आणि दुसरा पाटीवरच राहिला, तर त्या बाजूचे चाक फिरू लागते आणि पाटी गरकन वळते. उतरताना नेहमी मागच्या बाजूला, एका वेळी एक पाय, पण न रेंगाळता उतरावे, असे सांगतात ते यासाठीच. डोक्याला हेल्मेट, मनगट, कोपर व गुडघ्याला संरक्षक पट्ट्या आणि भोवती मोकळे सपाट आवार, यांशिवाय या पाटीवर पाय ठेवू नये. रस्त्यावर तर मुळीच नाही. जिला दिवा नाही, भोंगा नाही, हाताचा ब्रेक नाही, अशी वस्तू ट्रक, ट्रॅक्टर व दुचाकींच्या गर्दीत चालवण्याजोगी नसते.

पायाखालचे वीजघर

आता दुसऱ्या धोक्याकडे वळू. पाटीच्या आत लिथियम-आयन प्रकारची बॅटरी असते. ज्या संशोधनातून ही बॅटरी उभी राहिली त्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठवणे हा तिचा मोठा गुण आहे. मोबाइल, लॅपटॉप, सौरदिवे आणि ई-स्कूटर यांच्या प्रसारामागे हाच गुण आहे. तिच्यातला धोकाही याच गुणाशी जोडलेला आहे.

हॉवरबोर्डच्या बॅटरीत नेहमी २० लहान घट असतात. प्रत्येक घट १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणून त्याला ‘१८६५०’ म्हणतात. असे १० घट एकसर जोडले की ३६ व्होल्ट मिळतात. अशा दोन रांगा समांतर असतात आणि एकूण क्षमता सुमारे ४.४ अँपिअर-तास असते. आता ऊर्जा काढू.

३६ × ४.४ = सुमारे १५८ वॅट-तास.
१५८ × ३६०० = सुमारे ५ लाख ७० हजार ज्यूल.

ही ऊर्जा साधारण दहा मोबाइलच्या बॅटऱ्यांइतकी आहे. तिच्यात जवळजवळ दोन लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल, किंवा ५० किलो वजनाच्या विद्यार्थ्याला ११०० मीटरहून अधिक उंच उचलता येईल. ही ऊर्जा दोन तासांत हळूहळू बाहेर आली तर पाटी चालते. तीच काही सेकंदांत बाहेर आली तर आग लागते. शिवाय घटातील द्राव आणि प्लास्टिक जळून निर्माण होणारी उष्णता या हिशेबात धरलेली नाही; ती वेगळी.

घट पेट का घेतो

घटाच्या आत ऋणाग्र व धनाग्र यांच्या लांबच लांब पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. त्याची जाडी मानवी केसाहून कमी असते. सर्वत्र एक द्राव भरलेला असतो. त्यातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात. हा द्राव ज्वालाग्राही असतो. साध्या मोटरसायकलच्या बॅटरीत पाणी व आम्ल असते, तसे येथे नसते.

हा पडदा कोठेही फाटला किंवा वितळला की आतल्या आत लघुपथन, म्हणजे शॉर्टसर्किट होते आणि तेवढी जागा तापते. तापमान साधारण ९० ते १२० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की ऋणाग्रावरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो व त्यातून आणखी उष्णता निघते. सुमारे १३० अंशांना पडदा वितळू लागतो. २०० अंशांच्या आसपास अनेक प्रकारच्या धनाग्रांतून ऑक्सिजन सुटतो. ज्वालाग्राही द्राव, उष्णता आणि ऑक्सिजन हे तिन्ही आता एकाच बंद डबीत आहेत! एक घट फुटला की त्याची उष्णता शेजारच्या घटाला मिळते आणि वीस घट एकामागून एक पेटतात.

याला उष्णतेची बेलगाम वाढ म्हणता येईल. धान उत्पादक शेतकऱ्यांना याचा एक सौम्य नमुना ठाऊक असतो. कापलेले धान ओले असताना पुंजणे घातले, की ते आतून तापते. आत तयार होणारी उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, तापमान वाढते, तापमान वाढले की क्रिया अधिक वेगाने होते आणि पुन्हा उष्णता वाढते. पुंजण्यात याला दिवस लागतात, घटात काही सेकंद पुरतात.

पडदा फाटतो कशामुळे? कारणे अनेक आहेत. निर्मितीच्या वेळी धातूचा बारीक कण आत राहणे. पाटी पायरीवर, दगडावर वारंवार आदळणे. आत पाणी शिरणे. घट ठरावीक ४.२ व्होल्टपलीकडे चार्ज होणे. किंवा कित्येक महिने पेटीत पडून पूर्ण उतरलेली बॅटरी एकदम चार्जिंगला लावणे. चांगल्या बॅटरीत प्रत्येक घटावर नजर ठेवणारे व वेळीच वीज तोडणारे मंडल बसवलेले असते. स्वस्त मालात काटकसर होते ती नेमकी या न दिसणाऱ्या भागात.

चार्जरबद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांकडून हिशेब करूनच घ्यावी. दहा घट एकसर असतील तर पूर्ण चार्ज म्हणजे १० × ४.२ = ४२ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या म्हणवल्या जाणाऱ्या ई-सायकलच्या बॅटरीत नेहमी तेरा घट एकसर असतात. तिचा चार्जर १३ × ४.२ = ५४.६ व्होल्टचा असतो. दोन्हींची पिन सारखी असू शकते. पिन बसली म्हणून चार्जर चालेल असे समजणाऱ्याने पाटीच्या प्रत्येक घटावर सव्वा व्होल्टहून अधिक जादा दाब टाकलेला असतो.

काय घडले आहे

२०१५ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आयात होणाऱ्या १७ हजारांहून अधिक हॉवरबोर्डची तपासणी झाली. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक असुरक्षित ठरले. प्लग, वायर, चार्जर, बॅटरी आणि वीज तोडणारे बटण यांत दोष होते. त्याच डिसेंबरात अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी हॉवरबोर्ड विमानात नेण्यास मनाई केली. जुलै २०१६ मध्ये तेथील ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने दहा कंपन्यांचे मिळून ५ लाखांहून अधिक हॉवरबोर्ड बाजारातून परत घेण्याचे जाहीर केले. यातूनच ‘यूएल २२७२’ हे खास या वाहनांच्या विद्युत सुरक्षेचे मानक तयार झाले.

तरीही दुर्घटना थांबल्या नाहीत. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेतील हॅरिसबर्ग शहरात चार्जिंगला लावलेल्या हॉवरबोर्डमुळे घराला आग लागून तीन वर्षांची मुलगी दगावली. एप्रिल २०२२ मध्ये त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात घराला लागलेल्या आगीत १० आणि १५ वर्षांच्या दोन बहिणींचा मृत्यू झाला. तपासात हॉवरबोर्डकडे बोट दाखवले गेल्यावर मार्च २०२३ मध्ये त्या प्रकारचे सुमारे ५३ हजार नग परत मागवण्यात आले.

आपल्या महाराष्ट्रात हाच धोका ई-स्कूटरच्या रूपाने समोर आला. मार्च २०२२ मध्ये पुण्यातील लोहगाव येथे उभ्या ई-स्कूटरने पेट घेतला. एप्रिलमध्ये नाशिक येथे कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या ४० ई-स्कूटरपैकी २० जळाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. घरात झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. वाहन लहान की मोठे, याने येथे फरक पडत नाही. घट त्याच जातीचे, रसायन त्याच जातीचे आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपण्याची सवयही तीच.

या घटनांनंतर केंद्र सरकारने विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठीचे ‘एआयएस १५६’ हे मानक कडक केले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. मात्र हे मानक नोंदणी होणाऱ्या दुचाकीसारख्या वाहनांसाठी आहे. खेळणे म्हणून विकली जाणारी पाटी त्यातून गेलेली नसते. पाटीच्या बाबतीत निदान एवढे पाहता येते, की लिथियम घटांसाठी भारतीय मानक ब्यूरोची ‘आयएस १६०४६’ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी असलेल्या वस्तूवर ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडे असतात. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल, तर वस्तू घरात आणू नये.

गोंदियाचा उन्हाळा आणि पावसाळा

बॅटरीच्या सूचनापत्रकावर चार्जिंगसाठी बहुधा ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा असते. थंड देशातल्या वाचकाला ४५ हा आकडा फार दूरचा वाटेल. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा सावलीतच ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या छपराखालची बंद खोली किंवा उन्हात उभी गाडी याहूनही तापते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी चार्जिंगला लावलेली बॅटरी सुरुवातीलाच मर्यादेच्या उंबरठ्यावर असते आणि चार्जिंगने होणारी उष्णता त्यात भर घालते. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळच्या गार वेळी करावे. पाटी उन्हातून आणली किंवा चालवून झाली, की आधी ती निवू द्यावी.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. या जिल्ह्यात पाऊस भरपूर. आवारात साचलेल्या पाण्यातून पाटी नेली की पाणी आत जाते, संधींवर गंज चढतो आणि बिघाड कित्येक दिवसांनी प्रकट होतो. भिजलेली पाटी वरून कोरडी दिसते म्हणून चार्जिंगला लावणे योग्य नाही.

तिसरी गोष्ट घराच्या रचनेची. आपली बरीच घरे एका दाराची. चार्जिंगचा बोर्ड बहुधा छपरीत किंवा दाराजवळच असतो आणि रात्री त्याच्याच पलीकडे सारे झोपलेले असतात. तेथे आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदिया शहरातील एका हॉटेलला लागलेल्या आगीत ७ जणांचा मृत्यू झाला होता. ती आग बॅटरीची नव्हती; पण झोपेची वेळ, धूर आणि अडलेली वाट एकत्र आली की काय होते, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे.

चार्जिंगचे नियम आणि आग लागल्यास

वर्गाच्या भिंतीवर लावता येतील असे काही नियम आम्ही येथे देतो.

१. चार्जिंग जागेपणी, कोणी तरी लक्ष ठेवून करावे. रात्री झोपताना किंवा घर बंद करून जाताना करू नये.
२. चार्जिंगची जागा दारापासून, जिन्यापासून, गादी, पडदे, तणीस व गॅस सिलिंडरपासून दूर, सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर असावी.
३. वस्तूबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. बॅटरी पूर्ण भरताच तो काढावा.
४. बॅटरी फुगली, गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, ‘सूं’ असा आवाज आला, किंवा हात लावता येणार नाही इतकी तापली, तर वापर कायमचा बंद करावा.
५. बॅटरी घरी किंवा अनोळखी दुकानात उघडू नये. खिळा, पेचकस यांनी ठोकू नये.
६. निकामी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, जाळू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आग लागलीच तर? आधी माणसे बाहेर काढावीत. जळत्या बॅटरीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड यांसारखे विषारी वायू असतात, म्हणून ‘आधी सामान वाचवू’ हा विचार प्राणघातक ठरतो. जाता जाता शक्य असेल तर मेन स्विच बंद करावा, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. घटाला ऑक्सिजन आतूनच मिळत असल्याने ओली चादर टाकून ही आग गुदमरत नाही. तिला भरपूर पाण्याने थंड करावे लागते. ते काम वीज तोडल्यावर व सुरक्षित अंतरावरून अग्निशमन दलानेच करावे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात परत आणू नये. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. तूप, हळद, टूथपेस्ट लावू नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

वर्गात करून पाहण्याजोगे

हॉवरबोर्ड न आणताही त्याचे विज्ञान शिकवता येते. १५ सेंटिमीटरची पेन्सिल आणि तिच्या ९ पट लांब, १.३५ मीटरची काठी बोटावर उभी धरून पाहा. उभ्या काठीला कलून पडायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून लांब काठी सावरायला आपल्याला तिप्पट वेळ मिळतो. पेन्सिल पडते, काठी राहते. आता तोच प्रयोग डोळे मिटून करा. काठीही पडते! खबर मिळणे थांबले की तोल सांभाळणे थांबते, हे चिपला आणि मेंदूला सारखेच लागू आहे.

दुसरा उपक्रम सर्वेक्षणाचा. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील चार्ज होणाऱ्या वस्तूंची यादी करावी : मोबाइल, विजेरी, सौरदिवा, फवारणी पंप, ई-सायकल, ई-स्कूटर. प्रत्येकीवरचे व्होल्ट व अँपिअर-तास वाचून वॅट-तास काढावेत आणि ती वस्तू कोठे व कोणत्या वेळी चार्ज होते ते समोर लिहावे. यादी पूर्ण झाली की घराचा साधा नकाशा काढून त्यावर चार्जिंगची जागा, झोपण्याची जागा आणि बाहेर पडण्याचे दार अशा तीन खुणा कराव्यात. पहिली खूण दुसरी व तिसरी यांच्या मध्ये येत असेल, तर चार्जिंगची जागा त्याच संध्याकाळी बदलावी. याला पैसे लागत नाहीत.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. आमचे मत असे : बारा वर्षांखालील मुलांसाठी हॉवरबोर्ड घेऊ नये. मोठ्या मुलासाठी घ्यायचाच असेल, तर मोकळे सपाट आवार, हेल्मेट, मानकाचा पडताळलेला क्रमांक आणि चार्जिंगच्या वेळी घरात जागे असलेले मोठे माणूस, या चार गोष्टी आधी असाव्यात. चारांपैकी एकही नसेल तर त्या पैशांत चांगली सायकल येते. तिला तोल राखायला बॅटरी लागत नाही आणि शाळेतही तिच्यावरून जाता येते.